प्रोजेक्शन कुठलं घेतलंय?

सर्वेअर तिथे आला तो चुकून. त्याला जायचं होतं तळघरातल्या भांडारात, ट्रायपॉड परत करायला. पण खांद्यावरचा ट्रायपॉड लिफ्टच्या आरशाला लागू नये म्हणून तो वाकला आणि बोट पडलं भलत्याच बटणावर. दार उघडलं तर समोर तिसरा मजला, नकाशा विभाग. बाहेर दिवसभराची रिपरिप चालू होती, त्याचे बूट चिखलाने भरलेले होते आणि समोर एक मुलगी संगणकाच्या पडद्याकडे बघून एकटीच हसत होती.

"भांडार... इथे नाही का?"

"खाली," ती मान न वळवता म्हणाली.

तो वळणारच होता, पण त्याची नजर पडद्यावर गेली. निळाशार समुद्र, त्याच्या मधोमध एक लाल ठिपका आणि ठिपक्याशेजारी फाइलचं नाव. ते नाव त्यानेच दिलेलं होतं.

"अहो, या माझ्या विहिरी आहेत!"

आता मात्र तिने मान वळवली. "तुमच्या? सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस?"

"तीन आठवडे पायपीट करून मोजल्यात."

"मग अभिनंदन. सगळ्या भर समुद्रात आहेत. आणि सगळ्या मिळून एका ताटाखाली झाकता येतील."

शेजारच्या टेबलावरचे चष्मेकाका खुसखुसले. सर्वेअरचे कान लाल झाले. त्याचं तोंड इतकं पडलेलं बघून तिला जरा वाईटच वाटलं. तिने खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली.

"रागावू नका हो. तुम्ही आकडे पाठवलेत, पण ते कुठल्या प्रोजेक्शनचे, ते सांगितलंच नाहीत. तुमचे आकडे अंशांमधले. या बिचाऱ्या संगणकाने ते मीटर समजून घेतले."

पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलाचं सपाट करायचं तर कुठेतरी ताणावं लागतं, कुठेतरी चेपावं लागतं. ते कसं ताणलं, कसं चेपलं, मोजायला सुरुवात कुठून केली, याच्या रीती ठरलेल्या असतात, आणि त्या एकदोन नाहीत, शेकडो आहेत. आपण कुठली रीत वापरली हे संगणकाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो आपल्या मनाने काहीतरी धरून चालतो आणि सत्तेचाळीस विहिरी बुडवतो. नकाशावाल्यांचा अर्धा जन्म या एका प्रश्नात जातो.

"अक्षांश-रेखांश. नवी पद्धत," तो पुटपुटला.

तिने यादी उघडली, खाली सरकत गेली, एक ओळ निवडली. विहिरी समुद्रातून उठल्या आणि वाटाणे सांडावेत तशा वाड्यावस्त्यांवर पसरल्या.

"बघा. आल्या घरी."

तो बघत होता खरा. विहिरींकडे की आणखी कशाकडे, हे तिला तेव्हा कळलं नाही. दहा मिनिटांनी तो भांडार शोधायला खाली गेला आणि तिच्या टेबलापाशी चिखलाच्या दोन पावलांचे ठसे राहिले. सफाईवाल्या मावशी आल्या तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, वाळल्यावर काढा." असं ती आधी कधी म्हणाली नव्हती.

दुसरी फाइल आली. तिच्यातही प्रोजेक्शन नव्हतं. तिने फोन लावला.

"नकाशा विभाग. प्रोजेक्शन कुठलं घेतलंय?"

"अरेच्चा! राहिलं का पुन्हा?"

"राहिलं."

"माझं डोकं ना..."

"डोकं जागेवर आहे ना? की तेही राहिलं कुठे?"

"डोकं आहे," तो म्हणाला. तो कुठल्यातरी टेकडीवर असावा, फोनमध्ये वारा घुसत होता. "बाकीचं काही सांगता येत नाही."

तिसरी आली, चौथी आली. महिन्याला एखादी, कधी दोन. प्रत्येकीत आकडे चोख, नावं चोख, फक्त प्रोजेक्शनच्या नावाने शून्य. आणि प्रत्येक वेळी फोन. उत्तर तीन शब्दांचं असायचं, पण फोन तीन शब्दांत कधी संपला नाही.

"या विहिरीवर एक आजी रोज पाणी भरताना स्वतःशीच भांडते," तो सांगायचा. "ते नकाशात कुठे दाखवू?"

"शेऱ्याच्या रकान्यात लिहा."

"आणि ती हरते रोज."

"स्वतःशी भांडून हरते? मग जिंकतं कोण?"

"तेच तर बघत बसलो होतो अर्धा तास. म्हणून फाइल उशिरा आली."

"आणि प्रोजेक्शन?"

"हां... ते... नवी पद्धत. नकाशाचा पट्टा तुमच्याच बाजूचा."

फोन ठेवल्यावर ती आवक नोंदवहीत आपल्या गोल अक्षरात लिहायची: प्रोजेक्शन नाही, फोनवर विचारले. लिहिताना तिला उगाचच गुणगुणावंसं वाटायचं. चष्मेकाका चष्म्यावरून बघायचे आणि पुन्हा कामात डोकं घालायचे.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिला विचारायची गरज नव्हती. एकदाही नव्हती. आकड्यांवर नजर टाकली की अंश की मीटर हे तिला कळायचं. आणि जुनी पद्धत की नवी, हे बघायला खाली उपग्रहाचा फोटो ठेवला की झालं. नवी लावून विहीर बरोबर विहिरीवर बसली तर नवी. दोनशे पावलं सरकून कुणाच्या गोठ्यात गेली तर जुनी. दोन मिनिटांचं काम. ती ते दोन मिनिटांत करायची, उत्तर हातात ठेवायची आणि मग फोन लावायची.

आणि तो? महिन्याकाठी तो फील्डबुक जमा करायला यायचा, भांडारात जाताना लिफ्टने हमखास तिसऱ्या मजल्यावर थांबायचा. असंच एकदा फील्डबुक चाळताना तिचा हात थबकला. प्रत्येक पानाच्या डोक्यावर, सुबक अक्षरात, खाली रेघ मारून प्रोजेक्शन लिहिलेलं. पावसाने फुगलेल्या पानांवरसुद्धा. एक पान सुटलं नव्हतं. हाताने दोनशे वेळा लिहिणारा माणूस फाइल पाठवताना तेवढंच नेमकं विसरतो? तिने वही घाईघाईने मिटली.

घरी तिने वहिनीला सांगितलं. दादा गाडीवर, आठ-आठ दिवस बाहेर. घरात या दोघीच, आणि तिसरं वहिनीच्या पोटात सातव्या महिन्याचं.

"मग विचार की सरळ," वहिनी पाय उशीवर ठेवत म्हणाली.

"काय विचारू? 'मुद्दाम विसरता का?' आणि तो म्हणाला, 'नाही हो, खरंच विसरतो', तर?"

"तर काय! दोन दिवस तोंड लपवून फिर."

"वहिनी!"

"दोन वर्षं झाली. दोघं मिळून जमीन मोजताय, विहिरी मोजताय... एक वाक्य बोलता येत नाही?"

येत नव्हतं. कामाचा आडोसा होता तोवर ती वाटेल ते बोलू शकत होती. आडोसा काढला तर काय उरेल, याची तिला भीती वाटायची. काहीच उरलं नाही तर?

आणि मग आडोसाच गेला. वरून नवी प्रणाली आली. फाइल पाठवायची तर आधी एक फॉर्म, फॉर्ममध्ये प्रोजेक्शनची चौकट, चौकटीत यादी. ओळ निवडल्याशिवाय फाइल पुढे जातच नाही. फील्डबुकही आता फोटो काढून त्यातूनच पाठवायचं, म्हणजे त्याचं महिन्याचं येणंही संपलं. मोठे साहेब खूश झाले. "आता फोनाफोनी बंद," ते म्हणाले.

बंद झाली. फाइली येत होत्या, सगळ्या पूर्ण, सगळ्या बरोबर. ती उघडायची, विहिरी आपापल्या जागी बसलेल्या असायच्या, विचारायला काही नसायचं. पहिला आठवडा तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला की ती दचकायची. तिसऱ्या आठवड्यात तिने त्याचा नंबर काढला आणि बराच वेळ बघत बसली. काय म्हणणार? तुमची फाइल बरोबर आहे? असा फोन कुणी करतं का? खिडकीबाहेर पाऊस पडत होता. तो कुठल्या रानात भिजत असेल, छत्री कधी नेत नाही मेला, असं तिच्या मनात येई. 'मेला' म्हणण्याइतका तो आपला कधी झाला, हे मात्र तिला आठवेना. त्याचा आवाज ऐकायला मिळत नव्हता म्हणून ती त्याच्या फाइलीतले शेरे वाचायची. एकात लिहिलं होतं: आजी आज जिंकली. ती ते वाचून हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले.

सहा आठवडे असे गेले. सातव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, वहिनीला कळा सुरू झाल्या. दादा लांब होता. ती वहिनीला घेऊन दवाखान्यात गेली आणि दोन दिवस तिथल्या बाकावर बसली. बुधवारी दुपारी भाची झाली. गुरुवारी ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या ओढणीला बाळाच्या पावडरचा वास होता आणि कधी एकदा सगळ्यांना सांगते असं तिला झालं होतं.

कुणी वर बघितलं नाही.

"काय झालं, काका?"

चष्मेकाकांनी चष्मा काढला. झालं होतं असं. मंगळवारी सर्वेअरची फाइल आली. एका वस्तीसाठी बोअरची जागा, एकच बिंदू. चौकटीत प्रोजेक्शन निवडलेलं होतं. ती नव्हती म्हणून काकांनी फाइल उघडली आणि पुढे पाठवली. बुधवारी यंत्र गेलं आणि बोअर मारली. नव्वद मीटर खाली गेले तरी धूळच. जागाच चुकली होती. बोअर पडली होती ठरल्या जागेपासून दोनशे पावलांवर, एका म्हातारीच्या कोंबड्यांच्या अंगणात.

तिने फाइल उघडली. पाहताक्षणी कळलं. यादीत नव्या पद्धतीच्या खालचीच ओळ निवडली होती, जुनी पद्धत. आणि शेऱ्यात लिहिलं होतं: शंका आल्यास जागा आखण्याआधी फोन करावा.

ही ओळ कुणासाठी होती हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

अकरा वाजता साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. सर्वेअर आधीच उभा होता, दाढी वाढलेली, बूट हातात. साहेबांच्या सतरंजीवर चिखल नको म्हणून दाराशीच काढले असावेत. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

"घाईत चुकीची ओळ निवडली," तो म्हणाला. "चूक माझी."

"चूक एकदा होते." साहेबांनी टेबलावरची वही पुढे ओढली. तिची आवक नोंदवही. "हे बघा. प्रोजेक्शन नाही, फोनवर विचारले. प्रोजेक्शन नाही, फोनवर विचारले. मी मोजलं. एकेचाळीस वेळा! दोन वर्षांत एकेचाळीस वेळा विसरणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी यंत्र पाठवतोय? तिकडे वस्तीतले लोक कळशा घेऊन उभे आहेत." त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. "शनिवारपासून येऊ नका. फील्डवर तुम्हाला ठेवता येणार नाही."

"बरं," सर्वेअर म्हणाला.

एवढंच. तो पुढे काही बोलणार नव्हता. बोलला असता तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. ती आपल्याच गोल अक्षरांकडे बघत उभी होती. गुणगुणत लिहिलेल्या त्या एकेचाळीस ओळी आता त्याला घरी पाठवत होत्या. आणि गप्प राहिलं तर कुणाला कधीच काही कळणार नव्हतं.

"साहेब, ते विसरत नाहीत," ती म्हणाली.

"मग हे काय आहे?"

तिने साहेबांच्या कपाटातून त्याची फील्डबुकं काढली आणि टेबलावर उघडली. एक, दोन, तीन, सगळी. "प्रत्येक पानावर लिहिलंय. एकही पान सुटलेलं नाही. हा माणूस प्रोजेक्शन विसरूच शकत नाही. आणि मला... मला ते विचारायची गरज नव्हती. फोटोवर ठेवलं की दोन मिनिटांत कळतं. मला प्रत्येक वेळी माहीत होतं."

"मग एकेचाळीस फोन कशाला केलेत?"

तिने सर्वेअरकडे बघितलं नाही.

"त्यांचा आवाज ऐकायला," ती म्हणाली. "दुसरं काही कारण नव्हतं. मला ते आवडतात म्हणून."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. दाराशी उभे असलेले चष्मेकाका खाकरले. "साहेब, शेऱ्यात लिहिलं होतं, शंका आल्यास फोन करा. मी वाचलं होतं. पण मला शंकाच आली नाही."

"म्हणजे हा निष्काळजीपणा नाही," साहेब सर्वेअरकडे वळले. "मुद्दाम केलंत?"

"हो साहेब." त्याचा आवाज फुटला. "पहिल्या वेळी खरंच विसरलो होतो. नंतरच्या एकेचाळीस वेळा... आणि परवाची ही... वाटलं होतं, फाइल याच उघडतील आणि फोन करतील. सहा आठवडे बोलणं नव्हतं झालं. मी असं करायला नको होतं. तिकडे लोक पाण्यासाठी..."

साहेबांनी नोंदवही मिटली.

"एकेकाला काय म्हणावं!" ते म्हणाले. "उद्या दोघं जा. त्या बाईंची माफी मागा, जागा नीट आखा. पाणी लागलं की तुम्ही यंत्राबरोबरच वर डोंगरातल्या तुकडीकडे जायचं. एक वर्ष. तिथे फोनही लागत नाही, त्यामुळे कुणाला काही विसरायची सोय नाही. आणि तुम्हाला बाई, लेखी समज."

वस्तीत ते दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. म्हातारी अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यामागे चिखलातलं भोक आणि त्याच्याभोवती कुतूहलाने जमलेल्या कोंबड्या.

"आधी सांगा, चूक कुणाची?"

"माझी," दोघंही एकदम म्हणाले.

म्हातारीने याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा याच्याकडे. "असं होय," ती म्हणाली. "मग भोक दोघांनी मिळून बुजवा. माझ्या कोंबड्या पडतील."

त्यांनी बुजवलं. मग दोनशे पावलं चालून ते खऱ्या जागी गेले. तिने काठी धरली, त्याने आकडे वाचले, तिने पडद्यावर ताडून पाहिले. सकाळपासून तो तिच्याशी आकड्यांखेरीज चकार शब्द बोलला नव्हता. ती वाट बघत होती. साहेबांपुढे, काकांपुढे ती बोलून बसली होती, सगळं. आता पाळी त्याची होती आणि तो नुसते आकडे वाचत होता. वर्षभरासाठी हा असाच जाणार का, नुसते आकडे सांगून? तिला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तिने काठी आणखी घट्ट धरली.

खुंटी ठोकली गेली. यंत्र सुरू झालं. धूळ, मग ओली माती, मग गाळ, आणि चार वाजायच्या सुमाराला पाणी उसळून वर आलं. गढूळ, गार, माणसापेक्षा उंच. लोक ओरडत धावले, पोरं त्याखाली नाचू लागली. यंत्राच्या ट्रकवाल्याने सामान आवरायला घेतलं.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, नखशिखांत चिखलाने माखलेला.

"मला..." तो थांबला. "हातात फाइल नसली की मला तुझ्याशी बोलता येत नाही."

"मला येतं की काय?"

"काल तर बोललीस."

"काल जीव चालला होता माझा," ती म्हणाली, "म्हणून बोलले."

ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"ऐक," तो घाईघाईने म्हणाला. "तुझा फोन यावा म्हणून मी टेकड्या चढायचो. खाली आवाज नीट यायचा नाही म्हणून. फाइल पाठवली की वर जाऊन बसायचो. कधी एक तास, कधी तीन तास. तू फार आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. हे मी तिथे वर बसून दर वेळी म्हणायचो आणि फोन आला की... आजीच्या गोष्टी सांगायचो."

तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

दुसरा हॉर्न वाजला.

"वर्ष आहे," तो म्हणाला. "एवढं सगळं करून ठेवल्यावर थांब म्हणायचा मला हक्क नाही. पण... थांबशील?"

"मग दोन वर्षं मी काय करत होते?"

त्याने बाहीने डोळे पुसले आणि होता नव्हता तेवढा चिखल गालाला लावून घेतला. तिने हात पुढे केला आणि तो पुसला. सगळी वस्ती बघत होती, म्हातारी तर कोंबड्यांना बाजूला सारून बघत होती. तिने पुसायचं थांबवलं नाही, चिखल गेल्यानंतरही नाही. ट्रकवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तिने हात काढला.